शेपटाला कोण?

सन दोन हजार तेवीस. मला सदुसष्टावं वरीस लागलं होतं. त्या वर्षी सोयाबीन निघायच्या दिवसांत एका इंग्रजी शब्दावरून माझा अपमान झाला असं मला वाटलं, आणि त्या रागात मी जे केलं ते इथं लिहून ठेवतो. पोरगा म्हणतो, कशाला लिहिता, लोक हसतील. हसू द्या. माझी शाळा तिसरीपर्यंत. पण आपली गोष्ट आपण सांगायला तिसरी बास होते.

मी तीस वर्षं पाण्याचा टँकर चालवला. कंधारपासून अहमदपूरपर्यंत डोंगरातलं एकही गाव, एकही तांडा असा नाही जिथं मी पाणी ओतलं नाही. तेव्हा तिकडं रस्ते नव्हते. गाडीवाट होती, नाही तर ओढ्याचं पात्र होतं. उन्हाळ्यात पाच-सहा टँकर एका रांगेत निघायचे. निघताना मुकादम एकच विचारायचा, "शेपटाला कोण?" शेपटाला म्हणजे सगळ्यात मागं. पुढं कुणीही चालतं, वाट सगळ्यांना माहीत होती. पण मागं असा ड्रायव्हर लागायचा की पुढचा कुणी रुतला, पलटला, तर तो थांबणार, जॅक लावणार, साखळीनं ओढणार आणि त्याला घेऊनच येणार. वीस वर्षं शेपटाला मीच होतो. दुसऱ्याला मी ती जागा देत नव्हतो. एकदा एकानं मागितली तर दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

टँकर विकला आणि मी ही उंच फटफटी घेतली. घरात महाभारत झालं. सून म्हणाली, बाबा आता देवदेव करा. पोरगा म्हणाला, एकदा पडलात की चावी माझ्याकडं. मी म्हणलं, तुला सायकल कुणी शिकवली? गप बसला. गाडी मात्र जोरदार. लांब पाय, रुंद हँडल, दगडावरून घातली तरी कुरकुर नाही. पावसाळा लागला की तिचं पुढचं मडगार्ड मी काढून ठेवतो. आपली काळी माती चाकात आणि मडगार्डात जाऊन गच्च बसते आणि चाक जाम करते, हे आमच्याकडं दुधाचे कॅन नेणाऱ्यालाही ठाऊक आहे. पोरगा म्हणाला, एवढी भारी गाडी अन् नाक कापल्यासारखी दिसून राहिली. दिसू दे.

या असल्या गाड्यांवर डोंगरात फिरायला जाणारा लातूरचा एक कंपू होता. त्यांचा म्होरक्या दातांचा डॉक्टर, चाळिशीचा. शिवाय दोन भाऊ, दोघंही इंजिनेर, सारखंच जॅकेट, सारखेच बूट. उदगीरचा एक कापडवाला अप्पा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, कपाळाला भस्म लावून वर हेल्मेट घालणारा. आणि नायगावचे गुरुजी. गुरुजींनीच मला त्या कंपूत नेलं.

गुरुजींचं सांगायलाच पाहिजे. पहिल्या नोकरीला ते डोंगरातल्या एका गावात होते. मी तिथं टँकर घेऊन जायचो. विहिरीत पाणी पडेपर्यंत अर्धा तास लागायचा. त्या अर्ध्या तासात त्यांनी मला वाचायला शिकवलं. पाटी नाही, पुस्तक नाही. टँकरच्या पाठीवर लिहिलेलं असायचं ते वाच, मग गावाच्या पाटीवरचं वाच, मग दुकानाच्या. मी तेव्हा तीस वर्षांचा बाप्या. कधी हसले नाहीत. तिसरीत जे विसरलो ते त्यांनी परत बसवलं. तेव्हापासून ते मला 'तू' म्हणतात आणि मी त्यांना 'तुम्ही'. इंग्रजी शब्द आला की मी त्यांनाच विचारायचो, पण एकट्यात. चारचौघांत मी आजवर कुठल्या शब्दाचा अर्थ विचारलेला नाही. तिथंच माझं घोडं पेंड खातं.

आता आणखी एका गोष्टीचा राग सांगतो. हे लोक त्या वाटांना 'ऑफ-रोड' म्हणतात. गुरुजींनी सांगितलं, म्हणजे रस्ता सोडून. मी म्हणलं, कोणता रस्ता सोडून? ज्या घाटीतनं मी पोटुशी बाई टँकरमध्ये बसवून दवाखान्यात आणली, तोच आमचा रस्ता होता. तुम्ही आज पिकपमध्ये गाड्या टाकून लातूरहून येता, गुडघ्याला वाट्या बांधता, चढ चढलात की एकमेकांना टाळ्या देता. आम्हाला कुणी टाळी दिली नाही. गुरुजी म्हणाले, "अरे, मग तू जातोस कशाला त्यांच्यासंगं?" मी म्हणलं, "रस्ता माझा हाय म्हणून."

तर त्या रविवारी सकाळी आम्ही सहाजण कंधारला चहाच्या टपरीपाशी जमलो. बेत असा होता की माळावरनं जायचं, ओढा ओलांडायचा, पाझर तलावाच्या बांधावर थांबायचं, तिथनं खडकाळ घाटी चढून वरच्या महादेवाच्या देवळापाशी जेवायचं. चार दिवसांपूर्वी परतीचा पाऊस पडून गेला होता. डॉक्टरनं चाकांची हवा कमी करायला लावली. ते मला सांगायची गरज नव्हती, माझी मी घरूनच कमी करून आलो होतो. मग तो कामं वाटायला लागला.

"मी लीड. माझ्यामागं दोघं भाऊ, मग अप्पा, मग गुरुजी." माझ्याकडं बघून म्हणाला, "आणि काका, तुम्ही आमचे स्वीप."

धाकटा इंजिनेर हसला. "वा! काका स्वीप असले की टेन्शनच नाही."

माझ्या कानात झिणझिण्या आल्या. याचं कारण आहे. विशीत असताना मी नांदेडला एका जिनिंगमध्ये लागलो होतो. काम एकच, सरकीचा आणि कापसाचा कचरा लोटायचा. तिथला मॅनेजर दक्षिणेकडचा, त्याला मराठी येत नव्हतं. तो मला नावानं हाक मारत नव्हता. "ए स्वीपर!" म्हणायचा. सात महिने. मी जेवत असलो तरी "ए स्वीपर!" कचरा लोटण्यात कमीपणा नाही, माझी आई बाजार झाडायची आणि आम्हाला पोसायची. पण माणसाला नाव असतं. शेवटच्या दिवशी मी झाडू त्याच्या टेबलावर ठेवला आणि निघालो. ठरवलं, पुन्हा कुणी मला तसं म्हणायचं नाही.

आणि आज हा दातांचा डॉक्टर, माझ्या पोराच्या वयाचा, चार लोकांत मला म्हणतो, तुम्ही आमचे स्वीप. मागं राहा. आमची धूळ खा.

गुरुजी माझ्या शेजारीच उभे होते, चष्मा पुसत. एक शब्द विचारला असता, गुरुजी, हा काय म्हणाला, तर हे सगळं रामायण घडलंच नसतं. पण मी मान ताठ करून हेल्मेट चढवलं. अप्पानं विचारलं, "काय ड्रायव्हरसाब, तोंड का पाडून राहिलात? चहात साखर न्हवती का?" मी म्हणलं, "साखर लई झाली."

निघालो. डॉक्टर आणि ते दोघं भाऊ कानातल्या यंत्रावरनं आपसांत बोलायचे. अप्पाला, गुरुजींना आणि मला ते यंत्र नव्हतं. आम्ही आपले हातानं खुणा करायचो. माळावर मुरूम होता, धूळ उडत होती, आणि ती सगळी मी गिळत होतो. पुढं गुरुजी. त्यांचं चालवणं सावकाश, बैलाला दमानं घेणाऱ्या माणसासारखं. दर चढाला थांबायचे, मागं न बघता हात वर करायचे. मी आहे का, असं विचारल्यासारखं. मी हॉर्न दाबायचो. ते पुढं जायचे.

ओढ्यात थोरला इंजिनेर आडवा झाला. गाडी पाण्यात, बूट पाण्यात, तोंड उघडं. सगळे पलीकडं जाऊन फोटो काढत होते. मी उतरलो, गाडीला पाठ लावली, हँडल आणि मागची पकड धरून पायांच्या जोरावर उभी केली. तो म्हणाला, "थँक्यू काका. स्वीप म्हणजे असा पाहिजे."

पुन्हा तोच शब्द! आतून इतका तापलो की ओढ्याचं पाणी अंगावर पडलं तर वाफ निघाली असती.

ओढ्याच्या पुढं शेंदूर फासलेला म्हसोबाचा धोंडा आहे. तिथं वाट फुटते. सगळ्यांच्या चाकांचे माग खालच्या वाटेनं, काळ्या रानाच्या कडेकडेनं गेले होते. वरच्या अंगाला येड्या बाभळींत एक जुनी पांदण आहे. दोन वावरांमधनं जाणारी ती वाट माझ्या टँकरच्या चाकांनी रुंद झालेली. तलावावर ती निम्म्या वेळात नेते. गुरुजी खालच्या वाटेला लागले. जाताना त्यांनी हात वर केला.

मी हॉर्न दाबला.

आणि पांदणीला वळलो.

एवढंच केलं मी. कुणाला ढकललं नाही, कुणाला फसवलं नाही. स्वतःला तेव्हा हेच सांगत होतो. मी काय यांचा नोकर आहे? काट्यांनी जॅकेट फाटलं, हातावर ओरखडे आले, पण बरं वाटलं. गुरुजींना मी त्यांच्यादेखत ओलांडलं असतं तर त्यांना कळलं तरी असतं की आता मागं कुणी नाही. तेही केलं नाही. मी बाजूनं निघून गेलो.

तलावाच्या बांधापाशी मी बाभळींतनं बाहेर आलो तेव्हा डॉक्टर गाडीवर बसूनच पाणी पीत होता. भाऊ आणि अप्पा थोडं पुढं झाडाखाली होते. डॉक्टरनं मला बघितलं, अंगठा वर केला, शिटी मारली आणि सगळे निघाले. गुरुजींचं कुणी विचारलं नाही. मला वाटलं, बघा, म्हाताऱ्या माणसाची यांना एवढीच किंमत. येतील गुरुजी मागनं, त्यांना वाट माहीत आहे.

मग घाटी लागली. नांगरलेल्या वावरासारखा खडक, त्यावर सुटे धोंडे. दुसरा गिअर, पायांवर उभं राहायचं, गुडघे सैल, पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही, नजर वर. भाऊ पहिल्याच वळणावर अडकले, एकाची गाडी दुसरीला टेकलेली. मी त्यांच्या बाजूनं निघून गेलो. थांबलो नाही. अप्पा ओरडला, "अय्यो, ड्रायव्हरसाब, कुठं निघालात?" त्यालाही मागं टाकलं. खरं सांगतो, सदुसष्टाव्या वर्षी ती घाटी मी एकदाही पाय न टेकता चढलो. आजही त्याचा अभिमान आहे, आणि तो सांगायला लाज वाटते.

देवळापाशी डॉक्टरच्या पाठोपाठ मी पोचलो. त्यानं हेल्मेट काढलं, माझ्याकडं बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"काका, तुम्ही इथं कसे? बाकीचे?"

"येऊन राहिले. पोरं वळणावर लोळून राहिली."

"आणि गुरुजी?"

"मला काय माहीत? तुमचे लीड तुम्ही."

"पण स्वीप तुम्ही होता ना?"

मग मात्र माझा बांध फुटला. "हे बघा डॉक्टर," मी म्हणलं, "मी तिसरी शिकलो म्हणून मला स्वीपर म्हणायचा हक तुम्हाला कुणी दिला न्हाई. झाडू मी एकदाच धरला आणि सोडला. तुमच्या मागं तुमचा कचरा गोळा करत फिरायला मी आलो न्हाई!"

तो बघतच राहिला. तेवढ्यात अप्पा धापा टाकत पोचला. डॉक्टर हळू आवाजात म्हणाला, "काका, स्वीपर न्हाई. स्वीप. सगळ्यात मागं जो चालवतो त्याला म्हणतात. ज्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा, त्यालाच ते देतात. तो आला म्हणजे सगळे आले. तलावावर तुम्ही दिसलात म्हणून मी कुणाला मोजलं न्हाई."

अप्पा म्हणाला, "मागल्या खेपेला मी मागितलं होतं ते. मला दिलं न्हाई यानं."

मला तेव्हा लाज वाटली असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण पहिला राग आला. मग मराठीत सांगायला तुमच्या जिभेला काय झालं होतं? आमच्यात याला शब्द नाही का? हे मी मनात म्हणत होतो आणि हात गाडी वळवत होते.

खाली येताना त्या पोरांना मी परत ओलांडलं. डॉक्टर माझ्या मागं. फोन लावून बघितला, गुरुजींचा लागत नव्हता, त्या खोलगटात रेंज नसते. तलाव सोडला आणि खालच्या वाटेनं काळ्या रानाला लागलो. एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीपाशी, सोयाबीनची मळणी चालू होती, यंत्राचा आवाज एवढा की आपलाच शब्द आपल्याला ऐकू येत नव्हता. त्याच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर, ओघळीत गुरुजी होते.

ते रान मला लांबनंच कळलं. वरनं वाळलेलं, पापुद्रा धरलेलं, आणि खाली लोणी. गुरुजींच्या गाडीचं पुढचं चाक मडगार्डापर्यंत मातीनं भरून जाम झालं होतं. गाडी त्यांच्या डाव्या पायावर आडवी. बाजूची सामानाची पेटी नडगीवर. चिखल मऊ होता म्हणून नडगी वाचली, आणि चिखल होता म्हणूनच पाय निघत नव्हता. हेल्मेट काढून त्यांनी डोक्याखाली घेतलं होतं. अंगाखालची माती कोपरानं उकरून उकरून हात काळा झाला होता. दोन तास.

माझी गाडी ऐकून त्यांनी मान वळवली.

"आलास?"

"आलो, गुरुजी."

"लई हाका मारल्या. ते यंत्र बघ कसं बोंबलून राहिलंय." मग म्हणाले, "पण मी घाबरलो न्हाई. म्हणलं, आज शेपटाला हा हाय. येतोच."

शेपटाला.

त्यांना सकाळीच कळलं होतं. स्वीप म्हणजे आमचं शेपूट. वीस वर्षं जी जागा मी कुणाला दिली नाही, ती मला मानानं देऊ केली होती, आणि मी ती टाकून आलो होतो. तेही कुणाच्या मागची, तर ज्यानं मला अक्षर दिलं त्याच्या.

डॉक्टरनं आणि मी गाडी उचलली, मी त्यांना काखेत धरून ओढलं. घोटा वांग्यासारखा सुजला होता. गुरुजी दात दाबून म्हणाले, "तू कुठं अडकलास रं एवढा येळ?"

आणि मी म्हणलं, "पंक्चर झालतं."

डॉक्टर तिथंच उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. काही बोलला नाही. बोलला असता, शिव्या दिल्या असत्या, तरी मी झेलल्या असत्या. त्याच्या त्या गप्प राहण्याचा मला जेवढा राग आला तेवढा त्या जिनिंगच्या मॅनेजरचाही आला नव्हता. एवढ्या लहान माणसानं माझी लाज झाकावी!

मळणीवाल्यांच्या जीपमधनं गुरुजींना कंधारला नेलं. घोट्याला बारीक चीर होती, प्लास्टर बसलं. त्यांची गाडी त्याच आखाड्यावर राहिली. अप्पा त्यांना जीपनं नायगावला सोडायला निघाला. जीप सुटताना गुरुजी मला म्हणाले, "तुझं पंक्चर नीट काढून घे रं, उद्या चाक परत बसल." मी हो म्हणलं. घरी येऊन मी जेवलो नाही. सुनेनं विचारलं, पडलात का बाबा? मी म्हणलं, "हाव, पडलो." पोरानं लगेच हात पुढं केला. मी चावी दिली. त्याला वाटलं, बाप हरला. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं कंधारला उतरलो आणि आखाड्यापर्यंत चालत गेलो. पिशवीत नट खोलायचे दोन पाने, एक लोखंडी सळई आणि जुनं धोतर घेतलं होतं. गुरुजींच्या गाडीला चावी तशीच होती. तिचं पुढचं मडगार्ड खोललं. चाकातली माती रातोरात विटेसारखी झाली होती, ती सळईनं टोकरून टोकरून काढली. आखाड्यावरच्या बाईनं बादलीभर पाणी दिलं, त्यानं चाक धुतलं. मडगार्ड मागं दोरीनं बांधलं आणि गाडी चालवत नायगावला गेलो. गुरुजी ओसरीवर प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून बसले होते. त्यांची बायको चहा ठेवायला आत वळली. मी गाडी दारात लावली, चावी त्यांच्या हातावर ठेवली आणि बसायच्या आधी म्हणलं, "गुरुजी, पंक्चर न्हवतं झालं."